चार वाजताचं आभाळ

वहिनी, तू गेल्यापासून चार वाजले की माझा हात फोनकडे जातो. कॉलेजातून येते, चहा टाकते, लॅपटॉप उघडून वलगावचे आकडे काढते. खालचे ढग किती, मधले किती, वरचे किती, हवेत दमटपणा किती, वारा कुठला. मग तुला सांगायला फोन उचलते आणि तो हातातच राहतो. एकदा तेवढ्यात चहा उतू गेला. ओटा पुसता पुसता मी तुझ्यावर चिडले, बरंच काही बोलले, आणि मग फडकं तिथेच टाकून रडत बसले. दसऱ्याला तू माझ्या हातावर सोनं ठेवलं होतंस. दिवाळी यायच्या आत तुझी तेरवीसुद्धा झाली. डोकं दुखतंय म्हणून दुपारची आडवी झालीस आणि उठलीच नाहीस, ही काय जायची रीत झाली?

तेरवीला आलेल्या बायकांना आपल्या फोनचं फार कुतूहल होतं. "नंद-भावजयीचं एवढं गूळपीठ पाह्यलं नाई बाप्पा. रोज काय बोलत होत्या वं तुमी?" ढगांबद्दल, म्हटलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. दुःखानं हिचं डोकं फिरलं, असं त्यांना वाटलं असणार. मीही पुढे समजावत बसले नाही.

आता समजावू तरी कोणाला? तरी सांगते, कारण हे दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्याला कळायला हवं. वलगावला दादाचं फुलांचं वावर आहे. त्याच्या टोकाला, मोटारीच्या खोलीमागे, तू सिमेंटचा ओटा बांधून घेतलास आणि त्यावर दुर्बीण मांडलीस. बी.एस्सी.ला शिकलेलं फिजिक्स भाकऱ्या थापण्यात विरून जाऊ द्यायचं नाही, एवढा एक हट्ट तू आयुष्यात केलास. अमरावतीतून, परतवाड्याहून, तिवस्याहून माणसं यायला लागली. कोणी शिक्षक, कोणी मेडिकलवाला, कोणी नुसताच हौशी. फोनवरच्या आपल्या ग्रुपला तू नाव दिलंस 'आभाळवाले'. कोणी गाडीने यायचं, कोणी बसने, म्हणून चार वाजेपर्यंत कळवावं लागायचं की आज या किंवा आज नका येऊ. ते ठरवायचं काम तुझं आणि माझं.

नियम तूच घातलास. दोघींचा 'हो' असला तरच ग्रुपवर 'या' लिहायचं. एकीचा जरी 'नाही' असला तरी 'आज नाही'. "मले एकटीवर सोडशील तर मी रोजच हो म्हनीन," तू म्हणाली होतीस, "अन् तुले एकटीवर सोडलं तर वर्षभर कोनी आभाळ पाहनार नाई. म्हनून दोघी पाह्यजे." खरं होतं ते. मी अकोल्यात मुलांना संख्याशास्त्र शिकवते. धोका दिसला की मागे सरकणं माझ्या हाडात आहे. एकूण ढग तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेले की माझा नाही. तू मात्र एकूण आकडा कधी बघितलाच नाहीस. तू थर उलगडून पाहायचीस. खालचे ढग दुपारच्या उन्हाने फुगलेले असतात, सूर्य बुडाला की बसतात, त्यांना भ्यायचं नाही. वरचे पातळ, केसांसारखे दिसतात ते खरे वैरी. आकड्यात कमी भरतात आणि सगळ्या चांदण्यांवर फडकं टाकून ठेवतात. हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की माझ्या कानात तुझ्या आवाजातच बसलंय.

आणि मग ते भांडण. ते आपण संपवलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

"शुभाबाई, तुह्या 'नाही'ले कोन तपासते?"

"तपासाचं काय त्याच्यात? ढग होते, नाई म्हनलं."

"होते काय? पाह्यले काय तू? आपन 'या' म्हनलं अन् ढग आले, तर समदे आपल्याले बोलतात. 'नका येऊ' म्हनलं अन् आभाळ मोकळं निंघालं, तर कोनाले समजते? ज्याचा तो आपल्या घरी टीव्ही पाहून राह्यला. तू कधी चुकतच नाई मंग."

मला याचा संताप यायचा, कारण हाच धडा मी दरवर्षी वर्गात शिकवते. चूक दोन तऱ्हेची असते, एक दिसणारी आणि एक न दिसणारी. मी तुला म्हणायचे की तिवस्याचे काका पाठीचा पट्टा बांधून दोन बसा बदलून येतात, त्यांना ढगाखाली बसवून ठेवायचं पाप कोण घेणार? त्यावर तू म्हणायचीस, "काका बसतात, रोडगे खातात, चार लोकाईसंग बोलतात. चुकलेल्या 'हो'त मान्सं तरी भेटतात वं." मी म्हणायचे, मग रोडग्यांचाच ग्रुप काढ, दुर्बीण कशाला? मग तू फोन ठेवून द्यायचीस. दुसऱ्या दिवशी चार वाजता, काही झालंच नाही अशा आवाजात, "हं, बोल. खालचे किती?"

वहिनी, मला अजूनही वाटतं तू पूर्ण बरोबर नव्हतीस. मेलीस म्हणून मी माघार घेणार नाही. अंदाजाला किंमत असते ती भरवशामुळे. रोज 'या' म्हणणाऱ्याकडे शेवटी कोणी फिरकत नाही. हे मला तुला नीट, शांतपणे, एकदा बसवून सांगायचं होतं.

आपण दोघी मिळून चुकलो तो दिवस आठवतो? थंडीचे दिवस होते. ढग शून्य, वारा नाही, अमरावतीच्या आकड्यांप्रमाणे हवा कोरडी ठणठणीत. तुझा हो, माझाही हो, मी मुद्दाम सुट्टी टाकून आलेले. अंधार पडतो न पडतो तोच दुर्बिणीच्या भिंगावर पाणी. चष्म्यांवर पाणी, खुर्च्यांवर पाणी, काकांच्या मफलरवर पाणी. तू घरातून लग्नातला हेअर ड्रायर आणलास आणि लांब वायर लावून भिंगाला वारा घालत बसलीस. काका म्हणाले, "रेखाताई, दुर्बिनीचे केस वाळले का सांगजा." एवढं दव आलं कुठून ते कोणाला कळेना. शेवटी दादाच बोलला. शेजारच्या वावरात हरभऱ्याला पाणी सुरू होतं. त्या आठवड्यात शेतीची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची होती, पुढच्या आठवड्यात दिवसाची. सारा शिवार रात्री भिजवला तर दव येणारच, असं म्हणून तो झोपायला गेला. जगात कुठल्याही हवामानाच्या साईटवर सापडणार नाही असा रकाना तू दुसऱ्या दिवशी आपल्या तक्त्यात घातलास: 'लाईन दिवसाची की रात्रीची'. मी तेव्हा हसले. मग त्या रकान्याशिवाय माझं पान हलेना.

हे सगळं सांगताना एक गोष्ट मी टाळत आले, ती सांगते. हे चार वाजताचे फोन तू सुरू केलेस ते आभाळासाठी नव्हेच. माझा संसार मोडला, मी अकोल्यात खोली घेतली, आणि चार वाजता कुलूप उघडून आत जाताना मला कसं होतं हे मी तुला एकदाच, फार थोडक्यात बोलले होते. दुसऱ्या दिवशी चारला तुझा फोन आला. "शुभाबाई, तुले आकडे समजतात ना? मंग मले सांग, आज ढग राहतीन का जातीन?" तेव्हा दुर्बीणसुद्धा यायची होती. मला कळलं होतं वहिनी, त्याच दिवशी कळलं होतं. पण आपण दोघीही शेवटपर्यंत ढगांचंच बोललो. तुझे उपकार मानायची वेळ मी पुढे ढकलत राहिले, कारण मानले असते तर तू फोन ठेवून दिला असतास.

तुझं दुसरं भांडण दादाशी होतं, शेवंतीच्या बल्बांचं. रात्र मोठी झाली की शेवंतीला कळ्या धरतात. रात्री तिच्यावर उजेड पाडला तर तिला वाटतं अजून वेळ आहे, ती नुसती वाढत राहते, आणि फूल ऐन लग्नसराईत हाती येतं. आजूबाजूच्यांनी हे सुरू केलं, दादालाही करायचं होतं. वावरभर बल्ब म्हणजे तुझ्या आभाळाचं वाटोळं. तू म्हणालीस, जेवणं झाल्यावर उशिरा लाव, झाडाला मधरात्रीचा उजेडही चालतो, मी वाचलंय. दादा म्हणाला, "लाईनीचा काई भरोसा हाय काय? सांजच्याले भेटते तं सांजच्यालेच लावीन." दोघेही मला फोनवर साक्षीला बोलवायचे. मी कोणाच्याच बाजूने बोलले नाही. दरवर्षी तू जिंकायचीस, कारण तू जेवण वाढताना गप्प राहायचीस आणि दादाला ते सहन व्हायचं नाही.

यंदा त्याने उशिरा लागवड केली. तुझ्या तेरवीची पानं उठली, पाहुणे पांगले, तेव्हा मी वावराकडे गेले तर खांब रोवलेले, वायरी ओढलेल्या, बल्ब लटकलेले. दादा खाली उकिडवा बसून एक वायर सोलत होता.

"यंदा बल्ब लावतो शुभे," तो मान वर न करता म्हणाला.

"घरात यंदा दिवाळी नाई अन् तू दिवे लावतं?"

"हे दिवाळीचे नाईत. शेवंतीचे हायेत." मग बराच वेळ वायर सोलत राहिला. "शनवारी तुह्या लोकायले बोलावून घे. एक डाव पाहून घ्या काय पाहाचं ते. मंग मी लावतो. आता कोनासाठी अंधार ठेवू?"

तो तुझ्यावर रागावलेला आहे, वहिनी, माझ्याचसारखा. त्याने त्या दुर्बिणीला कधी डोळा लावला नाही, तुला माहीतच आहे. देवयानी दाखवते, देवयानी दाखवते म्हणून तू त्याच्या मागे लागायचीस. त्या दीर्घिकेच्या अंधुक ठिपक्यातला उजेड माणूस जन्मायच्या आधी निघालाय, असं सांगायचीस. तो म्हणायचा, "एवढ्या दुरून आला तं अजून थांबीन." मी उठून निघाले तेव्हा मागून त्याने सहज म्हणून सांगितलं. ते त्याने सांगितलं नसतं तर माझी झोप गेली नसती.

"तू नाई म्हनली का ती जाऊन पाहे."

"म्हंजे?"

"तुहा 'नाई' आला का सैपाक उरकून ओट्यावर जाये. पाहून ये."

"मंग? काय म्हने?"

"मले काई नाई सांगे. एखांद्या दिवशी हसत ये."

हसत येत होतीस! किती दिवस हसत आलीस? माझे किती 'नाही' खोटे निघाले? तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस. भांडणात हेच हत्यार तुझ्या हाती होतं, तू ते बाहेर काढलंच नाहीस. मला जिंकू का दिलंस? की मी आकडे बघायचं सोडून देईन, फोन उचलायचं सोडून देईन, अशी तुला भीती होती? मी अकोल्याला परत येऊन जुने आकडे उकरायला घेतले. आपण 'नाही' म्हटलेल्या एकेका संध्याकाळची उपग्रहाची चित्रं काढली. त्यात पांढरे पट्टे दिसतात, वलगावही त्या पट्ट्यांत कुठेतरी येतं, पण तुझ्या ओट्यावरून वर काय दिसत होतं ते त्यात नाही. ते पाहिलेलं एकच माणूस होतं. मला चैन पडत नव्हतं. वर्गात फळ्यावर चुकीचं लिहीत होते, मुलं दुरुस्त करत होती. तुला विचारायचं होतं, फक्त एवढंच विचारायचं होतं, आणि विचारायला तू नव्हतीस.

शनिवारी सकाळच्या बसने वलगावला गेले. दुपारी तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या पाटावर बसून आकडे काढले. खालचे ढग भरपूर, परतीच्या पावसाने जमीन ओली, दमटपणा वाईट. दोन साईट म्हणत होत्या रात्री उघडेल, तिसरी म्हणत होती नाही. एकूण आकडा पाहिला तर माझा नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. थर उलगडले तर वरचे ढग जवळजवळ नाहीतच. म्हणजे तुझा हो. चार वाजायला आले होते. बाहेर दादा वांगी चिरत होता. त्याने विचारलं, "काय म्हनते?" मी म्हटलं, दोघींचा हो लागतो. तो चिरलेली वांगी पाण्यात टाकत राहिला.

आज नाही म्हटलं असतं तर शेवटचं पाहणं न होताच पुढच्या आठवड्यात बल्ब पेटले असते, आणि तुझा ओटा गोवऱ्या रचायला मोकळा झाला असता. पण तेवढ्यासाठी आकडे वाकवायचे, तर इतकी वर्षं मी तुझ्याशी कशाला भांडले? मी मोबाईल हातात घेऊन त्या पाटावर बसून राहिले. मग ग्रुपवर लिहिलं, 'या'. ते तुझ्यासाठी लिहिलं की वरचे ढग नव्हते म्हणून लिहिलं, हे मला खरंच सांगता येणार नाही.

कणकेचे रोडगे दादाने दुपारीच गोवऱ्यांवर भाजले आणि अंधार पडायच्या आत विस्तव पाण्याने विझवला. धूर दुर्बिणीच्या वाटेत येतो हा तुझा नियम त्याने न सांगता पाळला. सगळे आले. काका पाठीचा पट्टा बांधून आले. सूर्य बुडाला आणि तुझे ते खालचे ढग, जे बसतात म्हणायचीस, ते बसलेच नाहीत. आम्ही वर पाहत होतो आणि वर गोधडी. कोणी मला काही बोललं नाही, हे सगळ्यात वाईट. नेहमीसारखे टोमणे मारले असते तर मी भांडले तरी असते. शेवटी काका म्हणाले, "शुभाताई, वाढा. रेखाताई असत्या तं आतालोक दुसरा रोडगा झाला असता." मग जेवायला बसलो. तुझी कोणीतरी नक्कल केली, हेअर ड्रायरची. हसायला आलं. दादा वाढत होता, तोही हसला, आणि वाढता वाढता तसाच वाकून राहिला थोडा वेळ, मान खाली घालून.

ताटं उचलत होतो तेव्हा ईशान्येकडे एक भोक पडलं. मी खरकट्या हातानेच धावले. शर्मिष्ठा दिसली, तिच्यावरून वर जाऊन देवयानी धरली. एकेक जण डोळा लावत होता आणि बाजूला होऊन उभा राहत होता. काकांना वाकता येईना म्हणून त्यांना खुर्ची दिली. दादा सगळ्यांच्या मागे, हातात पाण्याची कळशी, पाहुण्यांचं आधी म्हणून थांबलेला. त्याची पाळी आली आणि भोक बुजलं. तो दुर्बिणीत वाकला, बराच वेळ वाकून राहिला, मग म्हणाला, "काई नाई. काळं हाय." मी म्हटलं थांब, उघडेल पुन्हा. थांबलो. उघडलं नाही. त्याने स्वतःच्या हाताने भिंगावर झाकण बसवलं.

रविवारी सकाळी मी निघाले. थांब म्हणाला, पण तुझ्या घरात मला एका जागी बसवेना. भांड्यांच्या मांडणीपाशी गेले की तू मागून येशील असं वाटायचं. गाडीत बसताना पाहिलं, तो खांबाला चढून शेवटची वायर जोडत होता. मी हात केला. त्याच्या हातात पक्कड होती, त्याने तीच हलवली.

अकोल्याला पोचले. चहा टाकला. चार वाजता फोन वाजला आणि पडद्यावर तुझं नाव आलं, 'वहिनी'. मला कसं झालं असेल याचा तू विचार कर. उचलला, तर पलीकडे नुसता श्वास. मग दादा.

"शुभे, काल माहा नंबर राह्यला."

मी आधी गॅस बंद केला.

"आज काय म्हनते तुहं आभाळ? खालचे किती, वरचे किती? ती काय इचारे ते मले सारं ऐकू ये इथं बसून."

मी लॅपटॉप ओढला. वहिनी, आकडे वाईट होते. मधले ढग पूर्वेकडून भरत येत होते, तिन्ही साईट एकच सांगत होत्या. थर उलगडून पाहिले, दोनदा पाहिले, तुझ्या पद्धतीनेही हो निघेना. खोटा हो मला देता येईना. दादाला तर नाहीच.

"आज नाई, दादा."

"बरं," तो म्हणाला. आणि फोन ठेवणार तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "पन जेवल्यावर ओट्यावर जाऊन पाहून ये. कसं हाय ते मले सांग." मग, "बरं," पुन्हा तेवढंच.

मी पेपर तपासायला घेतले, एकही धड तपासला नाही. गॅलरीत जाऊन पाहिलं, अकोल्यावर ढग होते. उगीच त्याला पाठवलं, असं वाटलं. तो अंधारात तिथे एकटा उभा राहील, वर काही नसेल, आणि परत येऊन सरळ बटण दाबेल. मग पुन्हा तुझं नाव वाजलं.

"तू नाई म्हनली होती ना?"

"हो."

"इथं तं सारं मोकळं हाय शुभे. एक ढग नाई."

मी तिथेच जमिनीवर बसले. "बल्ब लावले नाई काय तू?"

"लावतो ना उशिरा. ती म्हनेच, मधरात्रीचा उजेड चालते म्हने. आधी सांग, ते देवयानी कुठीसाक पाहाची. दुर्बीन मले जमत नाई, नुसत्या डोयानं सांग."

मी सांगितलं. गोठ्याच्या पत्र्यावर बघ, पाच चांदण्यांचा वाकडातिकडा एम दिसेल, ती शर्मिष्ठा. दिसला? त्याचं जे टोक जास्त खोल आहे ते बाणासारखं धर आणि वर उजवीकडे जा. फार नाही, एक वीत. तो चालत होता, खाली पाचोळा वाजत होता. "काई नाई इथं," म्हणाला. मी म्हटलं, सरळ नको पाहू, जरा बाजूला पाहा, तिच्याकडे पाहतच नाही असं कर. हेही तुझंच. पहिल्यांदा मला दाखवलंस तेव्हा हेच म्हणाली होतीस आणि मी चिडले होते.

कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, मोटार चालू होती, त्याचा श्वास ऐकू येत होता.

"आली," दादा म्हणाला. "पुसल्यावानी हाय. एवढूशी."

मग आम्ही दोघंही रडलो, वहिनी. फोन चालू ठेवून रडलो. शेवटी त्याने नाक शिंकरलं.

"तुहा 'नाई' चुकला. मांडून ठेव," तो म्हणाला. "ती मांडत नोती. मी सांगत जाईन."

आपल्या तक्त्यात 'नाही'च्या पुढचा रकाना इतकी वर्षं मोकळा पडला होता. काल रात्री मी त्यात पहिल्यांदा लिहिलं: 'मोकळं होतं. दादाने पाहिलं.' बाकीचे रकाने तसेच राहणार, ते तू बरोबर घेऊन गेलीस, आणि हसत घेऊन गेलीस याचा राग मला यापुढेही येत राहील. आता चार वाजत आले आहेत. आज गॅस मी आधीच बंद केला आहे. पलीकडून फोन तुझ्या नावानेच येईल, तो नंबर मी दादाच्या नावावर करणार नाही.